अंगणातली हरळी: गावच्या घरी लॉन कसं लावावं आणि तण कसं आवरावं

आमच्याकडे विदर्भात 'लॉन' म्हटलं की माणसाला आधी लग्न आठवतं. तालुक्याच्या रस्त्याला लागलं की जागोजागी लॉनच्या कमानी दिसतात, आणि आत गेलं तर गवताची काडी नसते, हिरवी मॅट अंथरलेली असते. म्हणून मी घरासमोर लॉन लावतोय असं म्हटल्यावर शेजारच्या काकाजींनी पहिला प्रश्न विचारला, "किती पानं उठतीन एका पंगतीत?" दुसऱ्या दिवशी मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून हरळी खोदत होतो, तेव्हा मात्र ते थबकलेच. "काहून गा, लोकं हरयी खोदून फेकतेत, अन् तू घरी नेऊन लावून रायला?"

त्यांचं चूक नव्हतं. पऱ्हाटीत (कपाशीत), तुरीत, संत्र्याच्या बागेत हरळी म्हणजे जुनं दुखणं. वखराच्या पाशीने तुटते आणि तुटलेला प्रत्येक तुकडा नव्याने फुटतो. पण अंगणातल्या गवताकडून आपल्याला हेच तर हवं असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी जी मरत नाही, पोरांनी तुडवली तरी उठते आणि कापली की आणखी दाट होते, अशी हरळीच. नर्सरीत 'सिलेक्शन वन' नावाने जे लॉन मिळतं तेही हरळीतूनच निवडलेलं आहे.

मला हे पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. घरी कार्य होतं, अंगण हिरवं दिसावं म्हणून एप्रिलमध्ये गाडीभर मेक्सिकन लॉनचे तुकडे आणले आणि काळ्या मातीवर सरळ अंथरून टाकले. कार्याच्या दिवशी फोटो छान आले. पुढे नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला, खालची माती फाटली आणि बोट जाईल एवढ्या भेगा गालिच्याच्या आरपार दिसू लागल्या. जुलैत त्याच भेगांतून लव्हाळा आणि गाजर गवत वर आलं. पैसे गेले ते गेलेच, वर तण घरात आणून बसवलं. खाली लिहिलंय ते त्यानंतरच्या हंगामांतून शिकलेलं आहे.

जागा, आणि पाण्याचा हिशोब

हरळीला दिवसातून सहा तास तरी थेट ऊन लागतं. कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत ती लांब, विरळ आणि पिवळट होते, आणि रिकाम्या जागेत तण शिरतं. झाडाखाली लॉनचा हट्ट धरू नका. तिथे ओटा बांधा, बाज टाका.

आकार लहान ठेवा. २० फूट बाय १५ फूट, म्हणजे ३०० चौरस फूट, पहिल्या वर्षी पुष्कळ झालं. १०० चौरस फुटांवर एक इंच पाणी द्यायचं तर साधारण २३६ लिटर लागतं, म्हणजे १५ लिटरच्या सोळा बादल्या. ३०० फुटांना एका वेळचं पाणी झालं सातशे लिटरच्या पुढे. मे महिन्यात गावात नळ एकाआड एक दिवस येत असेल आणि बायका हापशीवर रांगेत असतील, तर हा आकडा आधीच डोक्यात ठेवलेला बरा.

पावसाचं पाणी घराकडे न येता बाहेर जाईल असा उतार लागतो. आठ-दहा फुटांना एक इंच पुरतो. पन्हाळीचं पाणी जिथे कोसळतं तिथे काहीच टिकत नाही, त्या पट्ट्यात गोटे टाका.

आणि कुंपण. सोयाबीन निघाल्यावर गावची ढोरं मोकळी असतात, तुमच्या लॉनची कीर्ती तुमच्या आधी त्यांना कळते.

उन्हाळ्यात माती तयार करा

काम एप्रिल-मेमध्ये सुरू होतं. सुकलेली काळी माती म्हणजे दगड, तिच्यावर टिकास मारून हात सोलून घेण्यात अर्थ नाही. आदल्या दिवशी पाणी सोडा, वाफसा आला की नऊ इंच खोल खोदा आणि ढेकळं तशीच उलथी ठेवा. उन्हाचा खरा उपयोग इथे आहे. उघड्या पडलेल्या मुळ्या तीन-चार आठवड्यांत कडक वाळतात. खोदताना गोटे, प्लास्टिक, जुन्या तणाच्या गड्ड्या वेचत जा.

काही जण मेमध्ये माती ओली करून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून चार-सहा आठवडे ठेवतात. त्याने वरच्या थरातलं बरंच बी मरतं, ही पद्धत चांगली आहे. फक्त लव्हाळ्याच्या, म्हणजे नागरमोथ्याच्या, खोलवरच्या गाठी तिला दाद देत नाहीत.

काळ्या मातीचा दोष असा की पावसात चिखल धरून बसते आणि उन्हाळ्यात फाटते. बरेच जण यावर उपाय म्हणून दोन-चार टोपली रेती मिसळतात. थोड्या रेतीने ती सुधारत नाही, उलट वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. त्यापेक्षा चांगलं कुजलेलं शेणखत घाला, १०० चौरस फुटांना तीन-चार घमेली. जमलं तर वर तीन इंच हलकी, मुरमाड लाल माती पसरा. तळ्याचा गाळ गावात फुकट मिळतो म्हणून अंगणात आणण्याचा मोह होतो. तो वावरासाठी ठीक आहे. लॉनसाठी मात्र तो चिकण तर असतोच, शिवाय त्यात लव्हाळ्याच्या गाठी सर्रास येतात.

शेणखताबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. ते काळं, भुसभुशीत आणि बिनवासाचं असलं पाहिजे. ढोरांनी खाल्लेल्या गवताचं बी पोटातून जिवंत बाहेर पडतं, आणि खड्ड्यात नीट तापून कुजलं नाही तर तुमच्या अंगणात उगवतं. कच्च्या शेणात हुमणीच्या अळ्याही येतात, त्या मुळं कुरतडतात. मूठभर खत हातात घेऊन चुरगळा. आत अजून काड्या ओळखू येत असतील तर तो ढीग आणखी तीन महिने राहू द्या.

पहिल्या पावसाला लावू नका

मृगाचा पहिला सडाका झाला की हात शिवशिवतात. थांबा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, अंगणालाही तेच लागू आहे. मातीत ओल खोल जायला तेवढा पाऊस लागतो.

शिवाय या पावसाचं दुसरं काम आहे. मातीतलं तणाचं बी त्याने जागं होतं. आठ-दहा दिवसांत अंगण हिरवं दिसेल, सगळं तणच असेल. ते दोन पानांवर असताना खुरप्याने वरचेवर खरवडा, इंचभरच. खोल गेलात तर खालचं नवं बी वर आणाल. पुन्हा आठ-दहा दिवस थांबा, पुन्हा उगवेल, पुन्हा खरवडा. पेरणीआधी वखराच्या दोन पाळ्या देतात ते याचसाठी, फक्त इथे बैलांऐवजी तुम्ही आहात. या वीस दिवसांचा कंटाळा केला की पुढे दोन वर्षं निंदण करावं लागतं. मी केलं आहे.

हरळी कुठून आणायची

धुऱ्यावरची उंच, गुडघ्याएवढी हरळी आणू नका. जिथे शेळ्या रोज चरतात आणि माणसं रोज चालतात, तिथली आणा. देवळाच्या मागची मोकळी जागा, शाळेच्या मैदानाची कड, विहिरीकडे जाणारी पायवाट. अशा जागी वर्षानुवर्षं तुडवली गेलेली, बारीक पानाची, जवळजवळ पेरं असलेली हरळीच टिकून राहिलेली असते, आणि लॉनला तीच शोभते. मालकाला विचारून घ्या, आणि अलीकडे तणनाशक मारलेल्या धुऱ्याच्या वाट्याला जाऊ नका.

आणलेला भारा सावलीत पसरून प्रत्येक मुळी पाहा. मुळीला काळपट, शेंगदाण्याएवढ्या गाठी लोंबत असतील तर तो लव्हाळा आहे, आमच्याकडे मोथा किंवा नागरमोथाही म्हणतात. पानं पाहून फसायला होतं, कारण दोन्ही एकत्रच वाढतात. खूण दांड्यात आहे. दांडा दोन बोटांत धरून फिरवा: हरळीचा गोल लागतो, लव्हाळ्याला तीन कडा बोटाला जाणवतात. एक गाठ जरी आत गेली तरी पुढच्या वर्षी तिची वसाहत होते, म्हणून या कामाला घरातल्या सगळ्यांना बसवा. गप्पा होतात.

लावणी

आर्द्रा लागल्यावर, जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत, ढगाळ दिवस पाहून लावा. हरळीच्या दोन-तीन पेरांचे, दोन-तीन इंचांचे तुकडे करा. चार-चार इंचांवर बोटाने किंवा काडीने भोक पाडून तुकडा तिरका खोचा, एक पेर मातीत आणि एक बाहेर राहू द्या, मग अंगठ्याने दाबा. १० फूट बाय १० फुटांच्या तुकड्यात असे ९०० तुकडे लागतात. आकडा ऐकून घाबरू नका, दोन माणसं एका सकाळी करतात. कंबर मात्र संध्याकाळी बोलते.

आळशी माणसासाठी दुसरी रीत आहे: हरळी बारीक चिरून शेण, माती आणि पाण्याच्या दाट काल्यात मिसळायची आणि तयार जमिनीवर सारखी पसरायची, वर माती भुरभुरायची. जोराचा पाऊस आला तर काला एका कोपऱ्यात वाहून जातो, म्हणून सपाट जागीच करा. पाऊस हुलकावणी देत असेल तर दोन्ही रीतींत पहिले पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी द्या. सहा ते आठ आठवड्यांत जमीन झाकली जाते.

लावतानाच एक काम उरका. लॉनच्या कडेने जुनी कवेलू (छपराची कौलं) किंवा विटा उभ्या गाडा, सहा-आठ इंच खोल. हरळी जमिनीखालून सरकते. तुमच्या गुलाबाच्या वाफ्यात किंवा शेजाऱ्याच्या भाजीत ती पोचली तर काकाजींचा तो प्रश्न पुन्हा ऐकावा लागेल. कवेलू गाडली तरी महिन्यातून एकदा पावड्याने कड कापून घ्या, ती वरूनही उडी मारते.

तण: कोणाला कसं काढायचं

पहिले दोन महिने हेच मुख्य काम. पाऊस उघडल्यावर माती मऊ असताना पाट किंवा दुमडलेलं पोतं घेऊन बसा. उभ्याने वाकून ओढलं की मूळ आत तुटतं. एका हाताने बुडाशी धरा, दुसऱ्या हाताने खुरप्याचं टोक तिरकं खाली घालून मूळ उचला. बी धरायच्या आत काढायचं, बाकी नियम नाही. दर आठ दिवसांनी अर्धा तास पुरतो, पण महिन्यातून एक अख्खा दिवस बसून तेच काम होत नाही. मधल्या तीन आठवड्यांत कोणीतरी बी सांडून मोकळं झालेलं असतं.

आधी ज्यांच्यावर राग धरायचं कारण नाही ते. तरोटा, केना, घोळ, कुंजरू, पाथरी. हे पाचही विदर्भातल्या स्वयंपाकघरात भाजी म्हणून चालतात. माझी आई निंदायला बसली की दोन ढीग करायची, एक फेकायचा आणि एक चुलीवरचा. कोवळा तरोटा पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसच चांगला लागतो, तेव्हा लॉनमधून तो उपटणं हे कामही आहे आणि जेवणाची सोयही. अर्थात जिथे काही फवारलं असेल तिथलं पान तोंडात घालायचं नाही. केन्याचं एक ध्यानात ठेवा: त्याच्या कांडीचा तुकडा ओल्या मातीवर पडला तरी मुळ्या फुटतात, म्हणून उपटलेला केना लॉनवर टाकून उठू नका.

गाजर गवत ही वेगळी गोष्ट. १९५० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते देशात पसरलं असं सांगतात, पुण्याजवळ ते पहिल्यांदा नजरेत भरलं, आणि आज गावच्या उकिरड्यापासून एसटी स्टँडपर्यंत तेच आहे. एका झाडाला हजारो बिया येतात. कोवळेपणी ते जमिनीला चिकटून गाजराच्या पानांसारखी चकती करून बसतं. तेव्हाच काढा, मूळ एकच आणि सरळ असतं, अलगद निघतं. पांढरी फुलं आल्यावर हलवलंत तर बी तुमच्याच अंगणात झडतं, आणि परागाने शिंका, खाज, दमा सुरू होतो. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. मोजे नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा. फुलापूर्वीचं खताच्या खड्ड्यात चालतं, फुलावरचं नको. ढोरांना घालू नका. कुंपणाबाहेरच्या मोकळ्या पट्टीत तरोट्याचं बी फेकून ठेवलं तर तो दाटीने उगवून गाजर गवताला जागा देत नाही. रस्त्याकडेच्या माझ्या पट्टीत हे चांगलं चाललं. पानं खाणारे छोटे, पांढरट भुंगे त्यावर दिसले तर मारू नका. ते मेक्सिकन भुंगे १९८० च्या दशकात मुद्दाम गाजर गवतासाठीच आणून सोडलेले आहेत.

लव्हाळा ओढून संपत नाही, हे आधी मान्य करा. गाठी जमिनीखाली माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वरचं पान ओढलं की माळ तुटते आणि झोपलेली गाठ जागी होते. तरी उपाय आहे, फक्त धीर लागतो. पान चार-पाच इंचांचं झालं की दर आठवड्याला खुरपं खोल घालून हाताला लागतील तेवढ्या गाठींसह काढत राहा. प्रत्येक नव्या फुटीला गाठीतलाच साठा लागतो, आणि दोन पावसाळे हे चालवलं की साठा आटतो. सावली त्याला सोसत नाही, म्हणून आजूबाजूची हरळी दाट आणि थोडी उंच ठेवली तर तो दबतो. काढलेल्या गाठी खड्ड्यात नकोत, दगडावर उन्हात वाळवा. वास घेऊन पाहा, सुगंधी असतात. औषधात आणि उटण्यात वापरतात तो नागरमोथा हाच. आमच्या भागात जंगलालगतच्या गावांत रानडुकरं याच गाठींसाठी जमीन उकरतात, तेव्हा डुक्कर रात्री कुंपण फोडून आलं तर त्याचंही कारण कळेल.

सराटा पोरांच्या पायांसाठी काढायचा. जमिनीवर चहूकडे पसरतो, पिवळं फूल येतं, मग काटेरी फळ चपलेला चिकटून घरात येतं. मधलं मूळ एकच असतं, ते उचललं की सगळी चटई हातात येते. काटे पडून गेले असतील तर जुनं ओलं पोतं त्या जागेवरून ओढा, बरेच काटे त्याला लागून निघतात. एकदांडी आणि दुधी ही तणं इतकी बसकी असतात की कापणी त्यांच्या डोक्यावरून जाते; त्यांना खुरपंच.

ओट्याच्या फरशीच्या सांधीतलं गवत राहिलं. भात वेळलेलं उकळतं पाणी तिथे ओता. मीठ टाकू नका, ते पावसाने लॉनमध्ये उतरतं आणि माती बिघडवतं.

फवारणीबद्दल स्पष्टच

३०० चौरस फुटांसाठी तणनाशकाचा पंप पाठीवर घेऊ नका, असं माझं मत आहे. तरी विचारणारे विचारतातच, कारण वावरासाठी आणलेली बाटली घरात असते. म्हणून एवढं सांगतो.

ग्लायफोसेट हिरवं दिसेल ते मारतं, त्यात तुमची हरळीही आली. शिवाय केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली, परवानाधारक पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय कोणी ते वापरू नये अशी. पॅराक्वाट तर घरात ठेवायचीही वस्तू नाही, पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

टू-फोर-डी रुंद पानाचं तण मारतं आणि गवताला सहसा सोडतं, म्हणून लॉनसाठी लोक ते सुचवतात. विदर्भात मात्र त्याच्यासारखा धोका दुसरा नाही, कारण आपल्या चहूबाजूंना पऱ्हाटी असते आणि पऱ्हाटी त्याच्या वाऱ्यालाही टिकत नाही. एका वर्षी मी अंगणातल्या एकदांडीवर ते मारलं, पंप दोनदा धुतला आणि पुढच्या आठवड्यात त्याच पंपाने पऱ्हाटीच्या दोन ओळींवर मावा-तुडतुड्याचं औषध घेतलं. आठ दिवसांनी त्या दोन ओळींची कोवळी पानं अरुंद, लांबट, बोटांसारखी फाटलेली निघाली, भेंडीच्या पानासारखी, शिरा ताणलेल्या. बाकीचं वावर ठीक होतं. दोन ओळी जणू कोणी पट्टी धरून आखल्या होत्या. वांगी आणि टमाट्यालाही हेच होतं. तेव्हा वापरायचंच असेल तर तणनाशकाचा पंप वेगळा, त्यावर रंगाने खूण, आणि वारा पूर्ण पडलेला असताना.

नागरमोथ्यावर हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हे औषध उसात वापरतात. डबीवर ज्या पिकाचं नाव आहे त्या पिकासाठीच ते मंजूर असतं. अंगणात वापरण्याआधी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर नको. तिथे उरलेला माल तुमच्या गळ्यात मारला जाण्याची शक्यता जास्त.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्या महिन्यांतले दवाखान्याचे वॉर्ड ज्यांनी पाहिले त्यांना मोजे-मास्कचं महत्त्व सांगावं लागत नाही. शोभेच्या गवतासाठी कोणाच्या पाठीवर पंप देताना मला तरी ते आठवतं.

कापणी

हरळी दोन-अडीच इंच झाली की पहिली कापणी, साधारण लावणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका. पावसाळ्यात एक ते दीड इंच ठेवा, उन्हाळ्यात दोन इंच, म्हणजे मुळांवर सावली राहते. जुलै ते सप्टेंबर आठवड्याला एकदा, हिवाळ्यात तीन-चार आठवड्यांनी. तणाचं निम्मं काम कापणीच करते: उभं वाढणारं तण दोन-तीनदा डोकं उडालं की सोडून देतं, हरळी मात्र आडवी पसरते.

अवजार म्हणाल तर एवढ्या जागेला हाताने ढकलायचं साधं मशीन उत्तम. कुंपण छाटायची मोठी कात्रीही चालते. विळ्याने सारखं येत नाही, तरी बसून कापणारी सराईत बाई असेल तर मशीन मागे पडतं. शेतातला ब्रश कटर लॉनवर आणू नका. तो हरळी बुडापर्यंत सोलतो, उघडी माती दिसली की तिथे तण बसतं, आणि त्याने उडवलेला खडा खिडकीच्या काचेत जातो, डोळ्यातही जाऊ शकतो. पातं बोथट असेल तर कापल्यानंतर दोन दिवसांनी लॉन पांढुरकं दिसतं, कारण टोकं कापली न जाता फाटतात. धार लावून घ्या.

एक कोपरा, तीन बाय तीनचा, भाद्रपद लागण्याच्या आधी दहा दिवस कापू नका. चतुर्थीला तीन पानांच्या कोवळ्या दुर्वा त्यातच मिळतात. एकवीसच्या जुड्या शोधत पोरांना रस्त्याकडेला फिरावं लागत नाही, आणि शेजारचे मागायला येतात तेव्हा काकाजीही त्यात असतात.

खत, पिवळेपणा, कीड

जुलैअखेर, ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरअखेर १०० चौरस फुटांना शंभर ग्रॅम युरिया पुरे. पानं कोरडी असताना चार पट कोरड्या मातीत मिसळून फेका आणि लगेच पाणी द्या. ज्या मुठीतून जास्त पडला तिथे तळहाताएवढा पिवळा डाग महिनाभर राहतो. युरिया नको असेल तर शेणाची पातळ स्लरी महिन्याला द्या. थंडीत, पारा दहा-बारावर आला की हरळी झोपते, तेव्हा खत नको.

पाणी आणि खत असूनही नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता, चुनखडीच्या काळ्या मातीत हे नेहमीचं आहे. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी फवारा, फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. एखादा तुकडा गालिच्यासारखा हाताने उचलला जात असेल तर खाली हुमणी आहे. उचला, पांढऱ्या वाकड्या अळ्या वेचून कोंबड्यांना घाला, माती दाबून पाणी द्या.

उन्हाळा

फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्याला एकदा, एक इंच, पहाटे. रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि ते पाणी लव्हाळ्याच्याच कामी येतं. एप्रिल निघाला की निर्णय घ्या. घरात पाणी मुबलक असेल तर चालू ठेवा. नसेल तर लॉन तपकिरी होऊ द्या. धुऱ्यावरच्या हरळीला उन्हाळाभर कोण पाणी घालतं? वरची पानं वाळतात, खालची मुळी जिवंत असते. पंधरा-वीस दिवसांतून एकदा, धुण्याभांड्याचं सौम्य साबणाचं पाणी दिलं तरी ती तगते. या दिवसांत कापू नका, त्यावर खाटा टाकून झोपा, गाडी मात्र उभी करू नका.

नवतपा सरून मृगाचा पाऊस पडला की आठवड्याभरात तपकिरीखालून हिरवं डोकावतं. तेव्हा पहिल्या दिवशीच मशीन काढून वाळलेलं साफ करायला धावू नका. दहा दिवस थांबा, नवी पानं दीड इंचांवर येऊ द्या, मग जुनं वाळलेलं दंताळ्याने हलकं ओढून काढा आणि जिथे टक्कल पडलं असेल तिथे शेजारच्याच दाट भागातले चार तुकडे खोचा. लव्हाळा त्याच दिवसांत वर येतो, खुरपं खिशात असू द्या.